पॅडच्या कडेवरचा मजकूर

साहित्याची चर्चा करणाऱ्या पानावर मोटारीच्या ब्रेकविषयी लेख यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. सुशिक्षित मराठी माणसाने मोटार विकत घ्यावी, ती चालवावी, तिच्या हप्त्यांविषयी तक्रारही करावी. परंतु ती थांबते कशी याविषयी बोलणे हे गॅरेजवाल्याचे काम, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. हा संकेत आम्हांला मान्य नाही. झिजलेले ब्रेक पॅड आणि डिस्क बदलण्याची वेळ येते तेव्हा मालकापुढे जे येते ते मुख्यतः शब्दांचे जाळे असते: ‘स्पोर्ट’, ‘परफॉर्मन्स’, ‘रेसिंग’, ‘सिरॅमिक’, ‘ऑरगॅनिक’, ‘ड्रिल्ड’, ‘स्लॉटेड’. यांतला प्रत्येक शब्द कुठून आला, मूळ संदर्भात त्याचा अर्थ काय होता आणि दुसऱ्या संदर्भात नेल्यावर त्या अर्थाचे काय झाले, हे विचारणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे, त्या वाचकांपुढे हा विषय मांडण्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ‘उत्तम ब्रेक’ अशी संदर्भनिरपेक्ष वस्तू अस्तित्वात नाही. कोणत्या गाडीसाठी, कोणत्या रस्त्यावर, किती तापमानाला आणि कोणाच्या पायाखाली, हे ठरल्यावरच त्या विशेषणाला अर्थ येतो. बाजाराची भाषा मात्र हा संदर्भ काढून टाकते आणि शर्यतीच्या मैदानावरचे विशेषण शहरातल्या रस्त्यावर आणून विकते. तिथे ते नुसते निरर्थक ठरत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

उदाहरण म्हणून एक ठरावीक गाडी घेऊ. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये भारतात विक्रीला आली. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात ती तयार होत असे. सुरुवातीला १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १०५ अश्वशक्ती. २०२० मध्ये त्याजागी १ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन आले आणि २०२२ मध्ये भारतातील पोलोचे उत्पादनच थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक पोलो जीटी काही वर्षे वापरलेली आहे, अनेक गाड्यांचे मालक बदलले आहेत, आणि पॅडबरोबर डिस्कही बदलण्याचा प्रसंग बहुतेकांवर आलेला आहे किंवा येणार आहे. वेगाची हौस असलेल्या तरुणांत ही गाडी प्रिय आहे. या गाडीला पुढच्या चाकांना डिस्क आहेत, मागच्या चाकांना मात्र ड्रम. ‘स्पोर्टी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीची ही रचना काहींना कमीपणाची वाटते आणि तो कमीपणा पुढच्या डिस्कवर खर्च करून भरून काढावा असा मोह होतो. तो मोह तपासून पाहण्यासारखा आहे.

ब्रेक काय करतो? तो गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. त्याचे काम एवढेच. सामानासकट आणि माणसांसकट १२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल एवढी ऊर्जा असते. साधारण १.४ लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास एवढी उष्णता पुरे. ताशी ६० किलोमीटर वेगाला हीच ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल भरते. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे गणित शाळेत सगळ्यांनी केलेले असते, पण ब्रेक दाबताना ते सहसा आठवत नाही. गाडी थांबताना भार पुढे सरकतो, त्यामुळे या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के किंवा त्याहूनही अधिक वाटा पुढच्या दोन डिस्कना उचलावा लागतो. मागच्या ड्रमकडे पाहून फार खिन्न होण्याचे कारण नाही ते यासाठी.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण बाजाराची बहुतेक आश्वासने तिच्यावरच घसरतात. एकदाच जोरात ब्रेक दाबून गाडी किती अंतरात थांबेल, हे मुख्यतः टायर ठरवतात. चालू स्थितीतले साधे पॅडही चाक जाम होईल किंवा एबीएस कामाला लागेल इतका जोर देऊ शकतात. त्यापुढे रबर आणि रस्ता यांची पकड हीच मर्यादा असते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी १०० वरून थांबायला ४० ते ४५ मीटर लागतात. त्याआधी, धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी २८ मीटर संपलेले असतात. महागडी डिस्क यातले काहीच कमी करीत नाही. ज्याचे टायर गुळगुळीत झाले आहेत आणि जो डिस्कवर पैसे खर्च करू पाहतो, त्याने शुद्धलेखन सुधारण्यासाठी पेन बदलावे तसा हा प्रकार आहे.

मग पॅड आणि डिस्क यांच्या निवडीला महत्त्व केव्हा येते? एकाच ब्रेकिंगपुरते नाही, तर एकामागून एक अनेक वेळा ब्रेक लागतात तेव्हा. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी जवळजवळ ५०० मीटर खाली येते. त्या १२०० किलोच्या गाडीची एवढ्या उंचीची ऊर्जा काढली तर ती ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याएवढी भरते. यातला मोठा भाग हवेचा विरोध आणि खालच्या गिअरमधले इंजिन यांनी घ्यावा, अशी अपेक्षा असते. गिअर सोडून, केवळ पेडलवर पाय ठेवून उतरणारा चालक मात्र तो सगळा भार पॅडवर टाकतो. आंबोली, कुंभार्ली, वरंध या घाटांत अवघड वळणांपाशी जो जळका वास येतो, तो याच हिशेबाचा असतो.

अशा वेळी दोन निराळ्या गोष्टी बिघडू शकतात, आणि त्यांची लक्षणे निराळी आहेत. पॅडचा पदार्थ त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्यातले बंधक द्रव्य सुटू लागते, घर्षण कमी होते. पेडल पायाला घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. पहिल्यावर उपाय वेगळा पॅड हा असू शकतो. दुसऱ्यावर जगातला कोणताही पॅड हा उपाय नाही. आणि तरीही दोन्ही तक्रारी घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला बहुधा एकच वस्तू दाखवली जाते: अधिक लाल खोक्यातला पॅड.

त्या खोक्यातला पॅड हातात घेतला तर त्याच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर काही मजकूर छापलेला आढळतो. आमच्या मते हा सगळ्या व्यवहारातला सर्वांत प्रामाणिक मजकूर, आणि तोच कोणी वाचीत नाही. अमेरिकी पद्धतीत कडेवर दोन अक्षरांचा एक संकेत असतो: ‘ईई’, ‘एफएफ’, ‘जीजी’ असा. पहिले अक्षर सामान्य तापमानाच्या घर्षणाचे, दुसरे तापल्यानंतरच्या घर्षणाचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही अक्षरे सारखी असली तर गरम झाल्यावर पॅडची वृत्ती फारशी बदलत नाही, एवढे आपल्याला कळते. ‘एफई’ असेल तर गरम झाल्यावर तो ढिला पडतो. पण ही अक्षरे पदार्थाच्या एका लहानशा तुकड्यावर प्रयोगशाळेत केलेल्या चाचणीतून येतात. तो पॅड एखाद्या विशिष्ट गाडीवर कसा वागेल, किती आवाज करील, डिस्क किती खाईल, हे ती सांगत नाहीत. शब्दकोशातला अर्थ आणि वाक्यातला अर्थ यांत जे अंतर असते तेच इथेही आहे. शब्दकोश टाकून द्यावा असे त्यावरून ठरत नाही. तो कशाबद्दल बोलतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, एवढे ओळखायचे असते.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बदली पॅडवर वर्तुळातले ‘ई’ आणि ‘आर ९०’ हा नियमक्रमांक आढळतो. हा नियम आम्हांला विशेष मननीय वाटतो. बदली पॅडची पकड त्या गाडीच्या मूळ पॅडच्या तुलनेत साधारण १५ टक्क्यांच्या आत असावी, असे तो सांगतो. आणि ही मर्यादा दोन्ही बाजूंना लागू आहे. मूळ पॅडहून फार दुबळा पॅड जसा नापास, तसाच फार जोरकस पॅडही नापास. जाहिरातीची भाषा ज्याला गुण म्हणते त्याला हा नियम विचलन म्हणतो. कारण स्पष्ट आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर कसा वाटायचा, हे गाडी रचणाऱ्याने ठरवलेले असते. पोलो जीटीसारख्या गाडीत मागचे ड्रम तसेच ठेवून पुढे अतिशय चावरे पॅड बसवले तर तो तोल बिघडतो: पुढची चाके लवकर पकड सोडतात, मागची चाके आपल्या वाट्याचे काम पुरे करण्याआधीच एबीएस पुढे हस्तक्षेप करू लागते. एका ओळीत अधिक जोर भरला म्हणून कडवे अधिक चांगले होत नाही, हे ज्याला कळते त्याला हा नियमही कळावा.

आता पदार्थांच्या नावांकडे वळू. हर्बर्ट फ्रूड या इंग्रज गृहस्थाने १८९७ मध्ये डर्बीशायरमध्ये ब्रेकसाठी घर्षणपदार्थ तयार करण्याचा उद्योग सुरू केला. तिथल्या टेकड्यांवरून उतरणाऱ्या घोडागाड्यांच्या ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तुकडे लावलेले पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. आपल्या आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून आणि एक अक्षर वाढवून त्याने ‘फेरोडो’ हे नाव बनवले. ते आजही पॅडच्या खोक्यांवर दिसते. पुढे अनेक दशके या धंद्याचा आधार ॲस्बेस्टॉस होता. त्याच्या धुळीने कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर त्याला पर्याय शोधावे लागले, आणि त्यातून ज्याला ‘नॉन-ॲस्बेस्टॉस ऑरगॅनिक’ म्हणतात तो वर्ग आला. खोक्यावर यातला ‘ऑरगॅनिक’ एवढाच शब्द उरतो आणि भाजीबाजारात त्याला जो पवित्र अर्थ मिळाला आहे तो आपोआप इथे चिकटतो. इथे त्याचा अर्थ एवढाच की तंतू, रबर आणि भरणद्रव्ये राळेने बांधली आहेत. हे पॅड मवाळ, बिनआवाजी, डिस्कला सोसणारे. शहरातल्या वापराला पुष्कळदा तेच योग्य. सततच्या उष्णतेत मात्र ते लवकर थकतात.

‘सेमी-मेटॅलिक’ पॅडमध्ये वजनाच्या सुमारे एकतृतीयांशापासून निम्म्याहून अधिकपर्यंत धातू असतो. ते उष्णता चांगली सोसतात, पण आवाज करतात, काळी धूळ सोडतात आणि डिस्क लवकर झिजवतात. ‘सिरॅमिक’ पॅडमध्ये सिरॅमिक तंतू असतात. त्यांची ख्याती शांतपणाची आणि चाके स्वच्छ ठेवण्याची. परंतु याच शब्दाची एक थोर भावकी आहे: २००१ मध्ये पोर्शने ९११ जीटी२ वर आणलेल्या कार्बन-सिरॅमिक डिस्क. त्या अतिशय महाग, अतिशय हलक्या आणि अतोनात उष्णता सोसणाऱ्या. साध्या गाडीच्या सिरॅमिक पॅडचा त्यांच्याशी आडनावापुरता संबंध. तरी खरेदीदाराच्या मनात त्या श्रीमंत नातेवाइकाची प्रतिष्ठा गरीबाच्या खात्यावर जमा होते. ईबीसी ही ब्रिटिश कंपनी आपल्या पॅडना रंगांवरून नावे देते: हिरवा रस्त्यासाठी, पिवळा अधिक उष्णतेसाठी, निळा शर्यतीकडे झुकणारा. ही पद्धत एका परीने अधिक सरळ आहे, कारण रंग स्वतः काही सांगत नाही आणि ग्राहकाला पुढचा मजकूर वाचावा लागतो. तो वाचला नाही तर मात्र रंगाचीही शिडी होते आणि प्रत्येकाला वरच्या पायरीवर चढावेसे वाटते.

या शिडीच्या माथ्यावर अस्सल रेसिंग पॅड असतो. तो काही शे अंश तापमानाला उत्तम पकड देण्यासाठी बनवलेला असतो. थंड असताना त्याची पकड पुष्कळदा साध्या पॅडहूनही कमी असते. मैदानावर चालक आधी ब्रेक तापवून घेतो, म्हणून तिथे हा दोष दिसत नाही. पण सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा दिवसातला पहिला ब्रेक थंड असतो, आणि त्याच वेळी समोरून सायकलवर शाळेला निघालेले मूल येऊ शकते. ‘रेसिंग’ या विशेषणाचा अर्थ उलटा होतो असे आम्ही आरंभी म्हटले ते याला उद्देशून. मैदानावर ज्याने गाडी अधिक चांगली थांबते, त्यानेच फाटकापाशी ती कमी थांबते. वस्तू तीच, वाक्य निराळे.

डिस्कच्या बाबतीत हाच प्रकार डोळ्यांना दिसणाऱ्या अलंकाराच्या रूपाने घडतो. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्यांची कीर्ती झाली ती १९५३ मध्ये, डनलॉपच्या डिस्क बसवलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. नंतर शर्यतीच्या डिस्कना भोके पाडण्यात येऊ लागली, कारण त्या काळचे पॅड तापल्यावर वायू सोडत आणि त्यांना वाट करून द्यावी लागे. आजच्या चांगल्या पॅडबाबत तो प्रश्न फारसा उरलेला नाही, परंतु भोके मात्र उरली आहेत. ती मिश्रधातूच्या चाकांतून सुरेख दिसतात. पावसात पाण्याचा थर लवकर मोडायला त्यांची थोडी मदत होते, हेही मान्य केले पाहिजे. पोर्शसारखे उत्पादक भोकांच्या डिस्क देतात तेव्हा त्या डिस्कचा आकार, वजन आणि भोकांची जागा सर्व मिळून रचलेली असते. साध्या डिस्कवर नंतर पाडलेली भोके मात्र उष्णता शोषणारे ओतीव लोखंड कमी करतात, आणि वारंवार तापून निवल्यावर त्यांच्या कडांपासून तडे जाण्याची भीती असते. खाचा असलेली, म्हणजे ‘स्लॉटेड’ डिस्क त्या मानाने कमी धोक्याची. तिच्या खाचा पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, किंमत म्हणून थोडा आवाज आणि थोडी जास्त झीज घेतात. ज्याला यांतले काहीच नको असेल त्याच्यासाठी साधी, आतून हवा खेळणारी, योग्य मापाची, भरवशाच्या उत्पादकाची डिस्क हीच निवड. ती अनलंकृत आहे. एवढाच तिच्यावरचा आक्षेप.

एक रूढ शब्दप्रयोगही तपासला पाहिजे. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागले की ‘डिस्क वाकली’ असे सरसकट म्हटले जाते आणि नवी, शक्य तर अधिक भारी डिस्क घेण्याचे ठरते. कॅरोल स्मिथ या रेसिंग अभियंत्याने या समजुतीविरुद्ध पुष्कळ आग्रहाने लिहिले. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडच्या पदार्थाचा थर तिच्यावर असमान बसलेला असतो, त्यामुळे जाडीत अगदी सूक्ष्म फरक पडतो आणि तोच पायाला व हाताला जाणवतो. नवे पॅड नीट बसवून न घेणे, किंवा खूप तापलेले ब्रेक दाबून गाडी एकाच जागी धरून ठेवणे, ही याची नेहमीची कारणे. म्हणजे दोष वस्तूत कमी आणि वापरात अधिक. चुकीच्या शब्दाने निदान केले की उपचारही चुकतो: नवी डिस्क येते, पॅड पुन्हा घाईने बसवले जातात आणि काही महिन्यांत थरथर परत येते. म्हणून नवे पॅड लावल्यावर त्यांच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराचे काही ब्रेक, पूर्ण न थांबता, घेऊन त्यांना सेट होऊ द्यावे आणि मग गाडी चालती ठेवून ते निवू द्यावेत. डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. लेथवर मारून घेतल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहत असेल तर डिस्क चालेल. खाली जात असेल तर ती कितीही चकाकत असली तरी भंगार समजावी.

आता ज्याचे नाव जाहिरातीत येत नाही ते ब्रेक ऑइल. ते हवेतली आर्द्रता शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ या वर्गासाठी किमान मर्यादा ताजे असताना २०५ अंश आणि पाणी शोषल्यानंतर १४० अंश, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८० अंश सेल्सिअस. कोकणात चार महिने पाऊस खाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा दुसरा आकडाच खरा मानावा. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलण्याचा खर्च एका ‘स्पोर्ट’ पॅडच्या जोडीपेक्षा पुष्कळ कमी असतो. घाटात पेडल खाली जाण्यापासून जे वाचवते ते हेच. तरीही ते कोणाला दाखवता येत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्याला आपल्या बाजारात विशेषण मिळत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील. कोइंबतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या शर्यतीच्या मैदानावर आपली गाडी हौसेने नेणारे लोक आहेत. त्यांना उष्णता सोसणारे पॅड नकोत काय? अवश्य हवेत. त्यांनी मैदानासाठी वेगळा संच ठेवावा आणि परतताना रस्त्याचे पॅड चढवावेत. संदर्भ बदलला की निवड बदलते, हेच आमचे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप पैशाचा: कंपनीचे मूळ भाग महाग पडतात. त्याचेही उत्तर आहे. मोटार कंपन्यांना ब्रेकचे भाग पुरवणारे उत्पादक तेच किंवा त्या तोडीचे भाग स्वतःच्या नावाने विकतात. ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्यावेत. खोक्याची नक्कल करणे सोपे असते, पदार्थाची नाही. तिसरा आक्षेप आमच्या पिढीला फार आवडतो: गाडी माझी, पैसे माझे, आवडही माझी. स्टिअरिंगचे कव्हर किंवा संगीतयंत्रणा यांबाबत हे खरे आहे. ब्रेकबाबत ते खरे नाही. मोटारीच्या ज्या थोड्या भागांचा लाभ गाडीबाहेरच्या माणसाला होतो, त्यांतला ब्रेक हा पहिला. रस्ता ओलांडणारी वृद्ध बाई, पुढच्या स्कूटरवरचे कुटुंब, यांनी तो पॅड निवडलेला नसतो. पण त्या निवडीचा परिणाम त्यांच्यावरच होणार असतो.

आणि तो परिणाम अपघातापुरता नाही. पॅड झिजतो म्हणजे त्याची धूळ हवेत आणि पाण्यात जाते. ब्रेकमधले तांबे पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन माशांना घातक ठरते म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले; कॅलिफोर्नियात २०२५ पासून नव्या पॅडमधले तांबे अर्ध्या टक्क्याच्या मर्यादेत आणण्यात आले. अमेरिकी बाजारातल्या खोक्यावर तीन पानांचे चिन्ह आणि ‘एन’ हे अक्षर असेल तर त्याचा अर्थ हाच. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा घातली आहे. खोक्यावरच्या मजकुराला इतका अर्थ असू शकतो; आपण मात्र त्यावरचे ज्वाळांचे चित्र पाहून निर्णय घेतो.

मग पोलो जीटीच्या, किंवा तशाच कोणत्याही चपळ गाडीच्या, मालकाने काय करावे? आमच्या मते क्रम असा असावा. आधी टायर पाहावेत. मग ब्रेक ऑइल बदलावे. डिस्कची जाडी मोजून ती लागत असेल तरच बदलावी, आणि बदलायचीच तर दोन्ही बाजूंची एकदम, मूळ मापाची, साधी घ्यावी. पॅड मूळ दर्जाचे किंवा त्याहून एकच पायरी वरचे, थंडीतही पकडणारे असावेत. मागचे लायनर दुर्लक्षित राहिले असतील तर तेही त्याच वेळी पाहून घ्यावेत. नंतर ते सर्व नीट सेट होऊ द्यावे. आणि घाट उतरताना गिअर वापरावा, ज्याला एक पैसाही लागत नाही.

शेवटी भाषेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गॅरेजमधला माणूस ब्रेकविषयी बोलतो तेव्हा तो विशेषणे जवळजवळ वापरीत नाही. ‘पेडल खाली जातंय’, ‘गाडी डावीकडे ओढतेय’, ‘थंड असताना वाजतो, तापला की थांबतो’ अशी त्याची वाक्ये असतात. त्यांत काय घडते, केव्हा घडते आणि कोणत्या स्थितीत घडते हे सारे असते. ‘अपूर्व परफॉर्मन्स’ या शब्दांत यांतले काहीच नसते. आमच्या वर्गांतून आणि परीक्षणांतून कोणत्या प्रकारची वाक्ये अधिक लिहिली जातात, याचा विचार प्राध्यापक वाचकांनी स्वतःशीच करावा. विशेषणापाशी थांबून ‘कशाच्या संदर्भात?’ असे विचारण्याची सवय आम्ही विद्यार्थ्यांना लावतो, अशी आमची समजूत आहे. ती सवय कवितेच्या तासापुरती राहिली आणि रस्त्यावर, जिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो तिथे, कामी आली नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय झाला? पॅडच्या कडेवरची दोन अक्षरे वाचायला अर्धा मिनिट लागतो. ती वाचणारा वाचक आम्हांला हवा आहे.